गृहव्यवहार आणि धर्मसंस्कार : कोकणी मुसलमान कुटुंबाच्या अनुषंगाने

धर्मशिक्षणाचा विचार करू लागताच अभ्यासकाची दृष्टी सामान्यतः मकतब, मदरसा, मशीद अशा संस्थांकडे वळते. परंतु मूल मकतबात पाऊल टाकते त्यापूर्वीच त्याच्या श्रद्धेची घडण पुष्कळशी झालेली असते आणि ती घरात, नित्याच्या व्यवहारांतून झालेली असते. ही घडण कशी होते, आणि केवळ सवय व श्रद्धा यांतील सीमारेषा कोठे आखावयाची, ह्या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ह्या दृष्टीने रत्नागिरीची मांडवी हे स्थळ उद्‌बोधक आहे. ‘मांडवी’ ह्या शब्दाचा अर्थच मुळी बंदरावरील जकातीचे ठाणे असा आहे. अरबी समुद्रावरील व्यापाराने कोकण किनाऱ्यास केवळ माल आणून दिला नाही, तर शाफई हा धर्मशास्त्रीय संप्रदायही दिला. उत्तर हिंदुस्थानातील व दख्खनमधील बहुसंख्य मुसलमान हनफी आहेत. कोकणी मुसलमान मात्र मलबार, पूर्व आफ्रिका व इंडोनेशिया येथील मुसलमानांप्रमाणे शाफई आहेत. हा भेद ग्रंथांत जितका आहे तितकाच घरातही आहे, आणि मुलाला तो प्रथम घरातच भेटतो.

काही उदाहरणे पाहू. शाफई मताप्रमाणे पहाटेच्या नमाजात दुसऱ्या रकातीतील रुकूनंतर उभे राहून, हात उचलून ‘कुनूत’ ही प्रार्थना म्हणतात. हनफी पहाटे ती नित्य म्हणत नाहीत. आईशेजारी उभे राहून तिचे अनुकरण करणारे मूल ‘शाफई’ हा शब्द ऐकण्यापूर्वी त्या संप्रदायाची ही खूण देहाने शिकलेले असते. स्वयंपाकघराचेही तसेच आहे. हनफी शास्त्रकारांत कोळंबीच्या ग्राह्यतेविषयी वाद आहे. शाफई मताने ती निःशंक ग्राह्य होय. किनाऱ्यावरील घरात कोळंबीचे कालवण शिजते तेव्हा तेथे एक धर्मशास्त्रीय निर्णयही नकळत आचरला जात असतो.

याहून अर्थपूर्ण उदाहरण फित्र्याचे आहे. रमजान ईदच्या नमाजापूर्वी कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीमागे ठराविक दान द्यावयाचे असते. शाफई मताप्रमाणे ते मुख्य अन्नधान्याच्या रूपात, एक ‘साअ’ म्हणजे सुमारे अडीच ते तीन किलो, द्यावे लागते. कोकणात अर्थातच हे धान्य म्हणजे तांदूळ. मोजताना माणशी एक हिस्सा पडतो आणि तान्ह्या बाळाचाही त्यात हिस्सा असतो. आपल्या नावाचा तांदूळ दुसऱ्याच्या घरी जातो हे पाहणाऱ्या मुलाला दानाची व्याख्या निराळी सांगावी लागत नाही.

कालगणनेचा संस्कारही असाच आहे. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे 11 दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान दरवर्षी मागे सरकतो व सुमारे 33 वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. पावसाळ्यात आकाश झाकोळलेले असताना 29 तारखेस चंद्रदर्शनाची खात्रीलायक साक्ष मिळाली नाही, तर महिन्याचे 30 दिवस पुरे करतात. अंगणात चंद्र शोधणारी मुले येथे संयमाचाच पाठ घेत असतात. लहान मुलांवर रोजा बंधनकारक नाही. तथापि पैगंबरकालीन स्त्रिया मुलांना उपवासाची सवय लावीत व ती रडू लागल्यास लोकरीचे खेळणे देऊन त्यांचे मन रमवीत, असे हदीसग्रंथांत नमूद आहे. सक्तीपेक्षा सवयीवर भर देण्याची ही दृष्टी ध्यानात घेण्याजोगी आहे. मुलांना सातव्या वर्षी नमाज शिकवावा, असेही हदीस सांगते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अर्थ न कळता केलेली कृती ही श्रद्धा कशी? याचा सर्वांत पद्धतशीर विचार इमाम गझाली (1058–1111) यांनी केला. ते स्वतः शाफई होते. ‘इह्या उलूम अद्-दीन’ ह्या ग्रंथात त्यांनी मूल ही आईबापांकडे सोपविलेली ठेव मानली असून उजव्या हाताने जेवणे, आरंभी बिस्मिल्ला म्हणणे, आपल्या पुढ्यातलेच घेणे अशा साध्या शिस्तीपासून शिक्षणाचा आरंभ केला आहे. श्रद्धातत्त्वे मुलाने प्रथम पाठ करावीत. अर्थ पुढे क्रमाक्रमाने उलगडेल, असे त्यांचे प्रतिपादन आहे. पाठ केलेल्या श्रद्धेस बळकटी वादविवादाने नव्हे, तर कुराणपठनाने, उपासनेने व सज्जनांच्या सहवासाने येते, असे ते मानतात. म्हणजे सवय हे त्यांच्या मते बीज होय, फळ नव्हे.

हा भेद आज कोकणात विशेष महत्त्वाचा ठरतो. 1970 नंतरच्या दशकांत आखाती देशांकडे झालेल्या स्थलांतरामुळे अनेक घरांतील पुरुष वर्षानुवर्षे दूर राहतात आणि गृहसंस्कारांचा भार मुख्यतः आई व आजी यांच्यावर पडतो. मुलाची भाषाही विभागलेली आहे : घरात कोकणी बोली, पठनात अरबी, धार्मिक पुस्तकांत बहुधा उर्दू, शाळेत मराठी किंवा इंग्रजी. पाठ केलेल्या शब्दांचा अर्थ आईच्या बोलीत सांगितला गेला नाही, तर गझालींना अभिप्रेत असलेला पुढचा टप्पा येतच नाही. हेच मूल मोठेपणी मुंबईस वा परदेशी गेले, निराळ्या रीतीने नमाज पढणारे पाहू लागले, की “आपण असे का करतो?” हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. ज्या घरात हा प्रश्न विचारण्यास मोकळीक होती, तेथे नित्यक्रमाचे रूपांतर समजुतीत होण्याचा संभव अधिक. जेथे ती नव्हती, तेथे नित्यक्रम एक तर गळून पडतो, नाहीतर दुराग्रह बनतो.

हा प्रश्न एकट्या मुसलमान कुटुंबाचा नाही. तिन्हीसांजेस मगरिबच्या अजानबरोबर एका घरातील मुले आत बोलावली जातात, तेव्हा शेजारच्या घरात दिव्यापुढे परवचा चाललेला असतो. दोन्ही घरांत धर्म प्रथम वेळ, देह आणि अन्न यांच्याद्वारा मुलापर्यंत पोचतो. आणि दोन्ही घरांत तो तेथेच थांबला तर अपुरा राहतो. म्हणून धर्मशिक्षणाच्या अभ्यासकाने मकतबाच्या पाठ्यक्रमाइतकेच लक्ष माजघराकडे व स्वयंपाकघराकडे द्यावयास हवे, आणि मुलास काय शिकविले जाते याबरोबरच त्याच्या प्रश्नास तेथे काय उत्तर मिळते, याचीही नोंद घेतली पाहिजे.