दोन इंचांचा हिशेब : जुन्या जीपच्या मागच्या ब्रेकचे काम

पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्ग निपाणी सोडून दक्षिणेकडे वळला की लगेच तवंदीचा घाट लागतो. बेळगावहून गोव्याकडे जाणारी वाहने जांबोटीमार्गे चोर्ल्याचा घाट उतरतात, तर सावंतवाडीची वाट आंबोलीच्या घाटातून जाते. अशा उतारांनी वेढलेल्या सीमाभागात जुन्या जीपगाड्या काही शेताच्या कामाला, तर काही निव्वळ हौसेपोटी अजून धावत्या ठेवलेल्या आहेत, आणि त्यांच्या मालकांची गॅरेजमधली एक मागणी ठरलेली असते : मागचे ब्रेक दोन इंचांनी वाढवून द्या. या मागणीमागे बहुधा घाट उतरताना नाकाला झोंबलेला जळक्या लायनरचा वास असतो, आणि त्या वासाने धास्तावलेला माणूस मोठा ड्रम मागतो, हे समजण्यासारखे आहे.

महिंद्रा कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. त्या घडणीच्या जीपला चारही चाकांवर ९ इंच व्यासाचे आणि पावणेदोन इंच रुंदीचे ड्रम असत; पुढच्या काळातल्या जीपांना ११ इंच व्यासाचे आणि २ इंच रुंदीचे ड्रम आले, आणि मालक ज्या दोन इंचांबद्दल बोलतात ते हेच. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारे ओतीव लोखंडाचे भांडे. त्याच्या आत अर्धगोलाकार दोन शू असतात, शूंवर घर्षणाचा थर म्हणजे लायनर बसवलेला असतो, आणि पॅडल दाबल्यावर ब्रेक ऑइलच्या दाबाने चाकातल्या लहान सिलिंडरचे दट्टे हे शू बाहेर ढकलून ड्रमवर घासतात. व्यास ९ वरून ११ इंच झाला की तेवढ्याच जोराला सुमारे २२ टक्के अधिक पीळ मिळतो, आणि रुंदीही वाढल्यामुळे घासणारे क्षेत्र जवळजवळ ४० टक्क्यांनी वाढते, म्हणजेच उष्णता अधिक पृष्ठभागावर वाटली जाते. ही वाढ मोलाची आहे, कारण वेग ताशी ४० वरून ६० किलोमीटर झाला की गाडी थांबवताना निर्माण होणारी उष्णता सव्वादोन पट होते. शिवाय मूळ पेट्रोल इंजिन काढून अधिक जड डिझेल इंजिन बसवलेल्या जीपाही कमी नाहीत. ड्रम फार तापला की तो प्रसरण पावून शूंपासून दूर जातो, लायनरची पकड सुटते, पॅडल खोल जाते, आणि तोच वास येतो.

प्रत्यक्ष कामाचा आरंभ साधा आहे : पुढच्या चाकांना ठोकळे लावून मागचा ॲक्सल घोडीवर घेतात, चाक उतरवतात, ब्रेकची नळी सोडवतात. या जीपांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसून ट्रान्स्फर केसमागच्या स्वतंत्र ड्रमवर असल्यामुळे केबलचा प्रश्न उद्भवत नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे, म्हणून आतली काळी भुकटी हवेच्या झोताने उडवण्याऐवजी पाण्याने भिजवून धुणे हेच योग्य होय. ही सवय सगळ्या गॅरेजांत आढळत नाही, आणि तिचा अभाव खटकतो.

कसोटीची जागा पुढे येते. नागरी जीपच्या मागच्या शाफ्टचे टोक निमुळते असते, त्यावर हब चावीने व मोठ्या नटाने घट्ट बसवलेला असतो, आणि पुलर लावून ताण दिल्याशिवाय तो सुटत नाही. हबमागे बॅकप्लेट असते, म्हणजे शू आणि सिलिंडर धरून ठेवणारी पत्र्याची तबकडी. हीच तबकडी बेअरिंगलाही जागेवर दाबून धरते. तबकडी व ॲक्सलची नळी यांच्यामधल्या पातळ चकत्या, ज्यांना शिम म्हणतात, शाफ्टला मागेपुढे हलण्यासाठी मिलिमीटरच्या अंशाइतकी मोकळीक ठेवतात. ११ इंची ब्रेकची बॅकप्लेट जाडीने वेगळी निघाली की जुने शिम निरुपयोगी ठरतात. मोकळीक कमी पडली तर बेअरिंग तापून जाते आणि जास्त झाली तर शाफ्ट खडखडतो. निपाणीजवळच्या एका गॅरेजातले वयस्क मिस्त्री, ज्यांना हाताखालची पोरे मामा म्हणतात, शिमची एक चकती काढून दुसरी घालतात, बोल्ट आवळतात, शाफ्ट ओढून डायल गेजचा काटा पाहतात, आणि समाधान होईपर्यंत सगळे पुन्हा उघडतात. शेवटी कॉटर पिनसाठी नटाची खाच छिद्रासमोर आली नाही, तर ते नट मागे सैल करत नाहीत. पुढची खाच येईपर्यंत आवळतात, कारण निमुळत्या टोकावर ढिला राहिलेला हब चावी तोडू शकतो.

शू बसवण्यातही हाच संयम दिसतो. लेथवर आतून साफ करून घेतलेल्या ड्रममध्ये नवा लायनर सगळीकडे टेकत नाही, म्हणून त्यावर खडू फासून ड्रम हाताने फिरवतात; खडू जिथे पुसला जातो तेवढाच भाग काम करत असतो, आणि तो उंचवटा घासून पुन्हा खडू फासतात. दोन इंच मोठा ड्रम घेऊन लायनर मात्र निम्म्यावरच टेकला, तर पैसे लोखंडाला गेले आणि ब्रेक होता तेवढाच राहिला.

मालकाच्या मागणीतला 'मागचे' हा शब्द मात्र या कामातला सर्वांत धोकादायक भाग आहे. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढच्या चाकांकडे सरकतो आणि मागची चाके हलकी होतात. जीपच्या दोन ॲक्सलमधले अंतर ८० इंच, म्हणजे जेमतेम दोन मीटर, असल्यामुळे हा परिणाम अधिकच तीव्र होतो. अशा वेळी मागे ११ इंच आणि पुढे ९ इंच ठेवले, तर मागची चाके आधी जाम होतात आणि ओल्या वळणावर गाडी आडवी फिरते. मामा फक्त मागचे काम घेत नाहीत; दोन इंच वाढवायचे तर चारही चाकांना, आणि पॅडल खोल जाऊ नये म्हणून मास्टर सिलिंडर तेवढे ऑइल पुरवतो का हे तपासूनच, अशी त्यांची अट असते, आणि ती न पटलेल्या गिऱ्हाइकाला ते परत पाठवतात.

हा नकार आडमुठेपणाचा नव्हे, तर या कामाच्या जाणकारीचा भाग मानला पाहिजे. ड्रम दुकानात मोजून मिळतो आणि त्याची किंमत कोणी नाकारत नाही, पण शिम बदलण्यात गेलेला अर्धा दिवस बिलावर आला की घासाघीस सुरू होते. वस्तुतः घाटात जीपला सरळ रेषेत थांबवते ती ही दुसरी रक्कम. ती देण्याची तयारी नसेल, तर जुने ९ इंची ब्रेक नीट जुळवून खालच्या गिअरमध्ये सावकाश उतरणे अधिक सुरक्षित आहे.