टेकडीवरची परीक्षा आणि रस्त्यावरचं हँडल लॉक

पुण्यात दुचाकी चोरीला गेल्याची बातमी वर्षानुवर्षं एकाच साच्यात छापून येते. पार्किंगमध्ये लावलेली मोटारसायकल, तोडलेलं हँडल लॉक, अज्ञात चोरट्याविरुद्ध गुन्हा. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ३७९ लागायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३०३ (२) लागतं. कलम बदललं, बाकी मजकूर तोच राहिला. चोराची रीतही तीच आहे. हँडलला जोराचा हिसका द्यायचा, स्विच चुकवून वायरी जोडायच्या आणि गाडी ‘डायरेक्ट’ करायची.

त्याच पार्किंगमध्ये शेजारी उभी असलेली मोटार मात्र अशी डायरेक्ट होत नाही. दोन्ही गाड्यांच्या चाव्या मालकाच्या एकाच जुडग्यात असतात आणि दिसायलाही फारशा वेगळ्या नसतात. फरक असतो तो मोटारीच्या चावीच्या प्लास्टिकच्या डोक्यात दडलेल्या चिपचा.

चावीच्या डोक्यात

तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी काचेची कुपी किंवा काळा चपटा तुकडा, असं या चिपचं रूप असतं. तिला बॅटरी लागत नाही. स्टिअरिंगजवळच्या कुलुपाभोवती तारेचं एक वेटोळं बसवलेलं असतं. चावी फिरवली की वेटोळ्यातून साधारण १२५ किलोहर्ट्झचं क्षेत्र तयार होतं आणि त्याच ऊर्जेवर चिप क्षणभर जागी होते. मग गाडीचा संगणक तिला एक आकडा पाठवतो. चिप आपल्या गुप्त किल्लीने त्यावर गणित करून उत्तर देते. उत्तर जुळलं तर इंजिनाला परवानगी मिळते. गडाच्या दरवाजावर परवलीचा शब्द विचारावा तसा हा प्रकार, फक्त इथे शब्द दर खेपेला नवा असतो.

म्हणूनच रस्त्यावरच्या चावीवाल्याने मशिनवर हुबेहूब घासून दिलेली डुप्लिकेट चावी दार उघडते, कुलपात फिरते, स्टार्टरही मारते. पण अनेक गाड्यांत इंजिन क्षणभर धरतं आणि बंद पडतं. डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलुपाचं लाल चित्र लुकलुकत राहतं. चावी धातूपुरती बनलेली असते, गाडीशी तिची ओळख झालेली नसते. ती ओळख करून द्यायला गाडीला यंत्र जोडून प्रोग्रामिंग करावं लागतं.

बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांतही तत्त्व हेच. अशा रिमोटची गोल बॅटरी संपली की मालक घाबरतो. पण बहुतेक गाड्यांत रिमोट थेट स्टार्ट बटणाला टेकवला, किंवा ठरलेल्या खाचेत ठेवला, की इंजिन सुरू होतं. दार दुरून उघडणं हे बॅटरीचं काम, बॅटरी संपल्यावर ओळख पटवणं हे बिनबॅटरीच्या चिपचं. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत हे लिहिलेलं असतं. ती सहसा प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर आलेली नसते.

चोर वळतो कुठे

चिप ओळखून इंजिन अडवणाऱ्या या यंत्रणेचं नाव इमोबिलायझर. युरोपीय संघाने १९९८ पासून नव्या मोटारींना तो सक्तीचा केला. पाठोपाठ ऑस्ट्रेलियाने २००१ मध्ये आणि कॅनडाने २००७ मध्ये तेच केलं. भारतात मारुतीने ‘आयकॅट्स’ नावाने ही यंत्रणा आणली आणि २००५ मध्ये आलेल्या स्विफ्टमुळे ती मध्यमवर्गाच्या दारात पोचली.

उपयोग किती झाला? यान फान ऊर्स आणि बेन फोलार्ट या अर्थतज्ज्ञांनी नेदरलँड्समधल्या १९९५ ते २००८ या काळातल्या चोऱ्या तपासल्या. इमोबिलायझरमुळे मोटारचोरी सरासरी ४० टक्क्यांच्या आसपास घटली, असा त्यांचा निष्कर्ष. त्यातलं महत्त्वाचं निरीक्षण वेगळंच आहे. चोरांचा काही भाग चिप नसलेल्या जुन्या गाड्यांकडे वळला.

अमेरिकेत हेच उलट्या बाजूने दिसलं. तिथे सक्ती नव्हती. २०१५ च्या मॉडेलांत इतर कंपन्यांच्या ९६ टक्के गाड्यांना इमोबिलायझर होता. ह्युंदाई आणि किया यांच्या जेमतेम २६ टक्के गाड्यांना. पुढे २०२२ मध्ये टिकटॉकवरचे व्हिडिओ पाहून पोरंटोरं नेमक्या याच दोन कंपन्यांच्या चिप नसलेल्या गाड्या पळवू लागली.

चिप अभेद्य आहे असं मात्र नाही. २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए लॅबोरेटरीजच्या संशोधकांनी फोर्डसह अनेक गाड्यांत वापरली जाणारी ४० बिटांची चिप फोडून दाखवली. तिच्या किल्लीच्या शक्यता सुमारे १.१ लाख कोटी. संगणकापुढे तो आकडा तोकडा पडला. आजचे सराईत चोर चिपच्या वाटेला न जाता दुरुस्तीसाठी ठेवलेल्या ओबीडी सॉकेटला यंत्र लावून गाडीला नवी चावी शिकवतात, किंवा घरातल्या रिमोटचे संकेत दारापर्यंत ताणून आणतात. पण त्यासाठी यंत्र लागतं, भांडवल लागतं. हिसका देऊन भागत नाही.

दुचाकींचं शहर

आता हाच हिशोब पुण्याला लावून पाहू. २०१८ मध्ये पुण्यातल्या नोंदणीकृत वाहनांची संख्या ३६ लाखांच्या पुढे गेली आणि तिने शहराच्या लोकसंख्येलाही मागे टाकलं. त्यातल्या सुमारे २७ लाख दुचाकी होत्या. म्हणजे चिपचं संरक्षण पोचलं ते अल्पसंख्य गाड्यांपर्यंत; ज्यावर शहर खरोखर चालतं ती गाडी कुलुपाच्या भरवशावर राहिली. चोराला वळायला जागा हवी असेल तर ती इथे चारही बाजूंना आहे.

१९७२ मध्ये बजाजची चेतक आली आणि त्याच वर्षी फिरोदियांची लूना. त्या काळच्या स्कूटरची चावी मुख्यतः हँडलच्या कुलुपासाठी. इंजिन किकने सुरू व्हायचं, बटणाने बंद व्हायचं. स्टेपनी जाऊ नये म्हणून तिला वेगळं कुलूप असे. पुढे इग्निशनला चावी आली. मग कुलुपाच्या भोकावर चुंबकाने सरकणारं झाकण आलं. त्याने चोराची दोन मिनिटं वाढली, पण झाकणाच्या आत तेच यांत्रिक कुलूप होतं. जानेवारी २०२० मध्ये नवी विजेवरची चेतक पुणे आणि बेंगळुरूत आली, तिच्या प्रीमियम रूपाला बिनचावीचा फोब मिळाला. जानेवारी २०२३ मध्ये अ‍ॅक्टिव्हाला इमोबिलायझरसह स्मार्ट की मिळाली, तीही वरच्या मॉडेललाच. दूधवाला, डिलिव्हरीवाला, विद्यार्थी ज्या साध्या मोटारसायकली घेतात, त्यांतल्या बहुतेक आजही चिपविना विकल्या जातात.

यात पुण्यापुरता एक विरोधाभास आहे. वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था १९६६ मध्ये स्थापन झाली आणि ती वसली आहे कोथरूडलगत, वेताळ टेकडीवर. २००२ च्या मोटार विमा दरपत्रकात चोरीविरोधी यंत्रणेला सवलत ठेवली गेली, ती एआरएआयने मान्य केलेल्या यंत्रणेलाच. सवलत किती? गाडीच्या नुकसानीच्या विम्यावर अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये. साध्या मोटारसायकलच्या हप्त्यावर अडीच टक्के म्हणजे फार तर काही रुपये. तेवढ्यासाठी कोण यंत्रणा बसवून घेणार आणि तिचं प्रमाणपत्र मिळवत फिरणार?

दुसरी चावी कुठे आहे?

चावीने मालकाच्या गळ्यात एक जबाबदारीही अडकवली आहे. गाडी चोरीला गेली की विमा कंपनी मूळच्या दोन्ही चाव्या मागते. एक नसेल तर ती गाडीलाच राहिली होती का, कुणाला दिली होती का, हे प्रश्न सुरू होतात. डुप्लिकेट करून घेतली असेल तर पावती हवी. दुसरी चावी स्कूटरच्या डिकीत ठेवणाऱ्यांनी हे एकदा मनावर घ्यावं. दोन्ही हरवल्या तर मोटार टोइंग करून वर्कशॉपला न्यावी लागते आणि बिल हजारांत जातं. म्हणून एक चावी उरली असतानाच दुसरी करून घेणं केव्हाही स्वस्त.

पोलिसांत तक्रार मात्र लगेच नोंदवावी. ती वेळेत दिली असेल तर विमा कंपनीला कळवायला झालेला उशीर एवढ्या एका कारणावरून दावा नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केलं. गाडी सापडली नाही तर पोलिसांचा तसा अंतिम अहवाल निघेपर्यंत दावा रेंगाळतो, हाही अनुभव सार्वत्रिक आहे.

चिपची हद्दही ओळखायला हवी. ती इंजिन थांबवते. टेम्पोत टाकून नेलेली गाडी किंवा सुटे करून विकलेले भाग ती वाचवत नाही. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना सक्तीच्या झालेल्या आणि जुन्यांनाही लावायला सांगितलेल्या उच्च सुरक्षा नंबरप्लेटचं काम वेगळं आहे. लेसरने कोरलेला क्रमांक आणि पुन्हा न वापरता येणारं लॉक यांमुळे चोरलेल्या गाडीला दुसऱ्याचा नंबर चिकटवणं अवघड होतं. एक उपाय गाडी जाऊ नये म्हणून, दुसरा ती गेल्यावर ओळखू यावी म्हणून.

नेदरलँड्सच्या अभ्यासाचा धडा पुण्यासाठी साधा आहे. संरक्षण निवडक गाड्यांना मिळालं की चोरीचा काही भाग उरलेल्यांच्या वाट्याला येतो. दुचाकीला चिप ही आज वरच्या मॉडेलची चैन म्हणून विकली जाते, आणि ज्याची एकच गाडी आहे, जिच्यावर त्याची रोजची कमाई आहे, त्याच्याकडेच ती नसते. एबीएस आणि प्रदूषणाचे नियम दुचाकीला लागू होताना किंमत वाढण्याची तक्रार झालीच होती; तरी ते लागू झाले. इमोबिलायझरची परीक्षा घ्यायला टेकडीवर संस्था आहे, गाड्या बनवायला आकुर्डी आणि चाकण आहे. सक्तीचा निर्णय दिल्लीत व्हायचा आहे, आणि त्याची मागणी करायला दुचाकींच्या या शहराइतका हक्क फार थोड्या शहरांना असेल.