मासेमारीसाठी कोणता दोरा घ्यावा: नायलॉन, ब्रेडेड की फ्लुरोकार्बन?

पहिला जोराचा पाऊस पडला की शहापूर-मुरबाडमध्ये वलगणीच्या माशांची चर्चा सुरू होते. आता त्यात परदेशी फिशिंगच्या रील्सचीही भर पडली आहे. बोटीच्या कडेला एक चरखी, त्यावरून खोल पाण्यात सोडलेला जड गोळा आणि थोड्या वेळात वाकलेला रॉड. हे बघून तुम्हीही ऑनलाइन महागडा दोरा मागवणार असाल, तर आधी हे वाचा.

रीलमधलं ते यंत्र काय असतं?

त्याला डाऊनरिगर म्हणतात. चार-पाच किलोचा गोळा वेगळ्या तारेवर पाण्यात सोडतात. गळाचा दोरा त्या गोळ्याजवळच्या क्लिपमध्ये अडकवलेला असतो. बोट हळूहळू चालत राहते आणि गळ ठरलेल्या खोलीवर फिरतो. मासा लागला की दोरा क्लिपमधून सुटतो. अमेरिका-कॅनडाच्या ग्रेट लेक्समध्ये सॅमन आणि ट्राउट हे थंड पाण्यातले मासे उन्हाळ्यात खोल जातात, म्हणून तिथे हा खटाटोप.

तीन दोऱ्यांत फरक काय?

*नायलॉन:* आपला तंगूस तो हाच. तो ताणला जातो, त्यामुळे माशाचा झटका सोसतो. क्लिपमध्येही नीट पकडून राहतो. स्वस्त असतो. पण पाणी शोषल्यावर थोडा कमजोर होतो आणि उन्हात राहून खराब होतो.

*ब्रेडेड:* बारीक धागे विणून केलेला. तेवढ्याच ताकदीच्या नायलॉनपेक्षा बराच बारीक, म्हणून पाण्याचा रेटा कमी लागतो. ताण जवळजवळ नाही, त्यामुळे हलकासा चावाही हाताला कळतो. मात्र तो क्लिपमधून निसटतो, आणि झटका थेट गळावर आल्याने माशाचं तोंड फाटू शकतं.

*फ्लुरोकार्बन:* पाण्याचा अपवर्तनांक १.३३, याचा सुमारे १.४२ आणि नायलॉनचा १.५ च्या वर. आकडा पाण्याच्या जवळ, म्हणून हा दोरा पाण्यात कमी दिसतो. तो पाण्यापेक्षा जड असल्याने बुडतो. महाग असल्यामुळे बहुतेक जण गळाजवळच्या एक-दोन मीटरपुरताच वापरतात.

मग आपल्याकडे कोणता?

आपल्या जलाशयांत सोडले जाणारे मासे वेगळे आहेत. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. त्यांच्यासाठी काठावरून टाकलेला गळ आणि शिशाचं छोटं वजन पुरतं. डाऊनरिगरची गरज नाही.

रॉड-रीळ असेल तर साधारण १० ते १५ पाउंडांचा, म्हणजे साडेचार ते सात किलोंचा नायलॉन दोरा सुरुवातीला पुरेसा आहे. तुम्ही बाटलीला किंवा लाकडाला दोरा गुंडाळून हातानेच मासे धरत असाल, तर ब्रेडेड घेऊच नका. मोठा मासा ओढायला लागला की तो बोटं कापतो.

आणखी एक. गाठ आवळण्याआधी ती ओली करा. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने दोरा गरम होतो आणि नेमका तिथेच तुटतो.

दोरा तुटला तर जातो कुठे?

कुठेच जात नाही, तिथेच राहतो. नायलॉन कुजायला अनेक वर्षं लागतात. तोवर त्यात पाणकावळे, बगळे, कासवं अडकतात. पक्ष्यांसाठी हा मांजासारखाच. गरजेपेक्षा बारीक दोरा घेऊन पैसे वाचवले, तर तुटलेला गळ माशाच्या तोंडात आणि दोरा पाण्यात राहतो. म्हणून योग्य ताकदीचा दोरा घेणं हा फक्त मासा मिळण्याचा प्रश्न नाही.

परवानगी लागते का?

हो. तानसा, मोडकसागर आणि भातसा ही शहापूर तालुक्यातली धरणं मुंबईला पिण्याचं पाणी देतात. तानसा तलाव तर अभयारण्यात आहे आणि तिथे पर्यटकांना परवानगीशिवाय प्रवेशही करता येत नाही. मुरबाडकडचं बारवी धरण एमआयडीसीचं आहे. राज्यातल्या अनेक जलाशयांत मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. तुमच्यासाठी तो रविवारचा छंद असतो, त्यांच्यासाठी ते पोट असतं. त्यामुळे गळ टाकण्याआधी स्थानिक संस्थेला किंवा मत्स्यव्यवसाय विभागाला विचारा.

आणि निघताना खिशात एक रिकामी पिशवी ठेवा. तुटलेला दोरा, मग तो तुमचा असो वा दुसऱ्याचा, घरी घेऊन या.