पाकोळीचे घर बांधावे का?

मागील अंकात सारावाकच्या भेटीविषयी लिहिताना मी एका वाक्यात म्हटले होते की तेथील काही इबान आदिवासी कुटुंबे पाकोळीची घरटी विकून संसार चालवतात. ते वाक्य बऱ्याच जणांच्या मनात राहिले. एका मंडळीच्या खजिनदारसाहेबांनी तर कळवले, “आपल्या पाड्यावरही असे एक घर बांधा, पहिली देणगी आमची.” एवढ्या मोठ्या मनाला एका ओळीत ‘नको’ म्हणणे बरे वाटेना, म्हणून सविस्तर लिहितो.

सारावाक हे बोर्निओ बेटावरचे मलेशियाचे राज्य. तिथली पाकोळी दहा-पंधरा ग्रॅम वजनाची, करडी-काळी. तिला फांदीवर बसता येत नाही. उभ्या भिंतीला नखांनी लटकते. पंखवाल्या मुंग्या, वाळवी, किडे ती उडता उडताच टिपते. गुहेच्या काळोखात टक्‌टक् आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवर वाट शोधते. विणीच्या दिवसांत तिच्या जिभेखालच्या ग्रंथी फुगतात आणि त्या चिकट लाळेचे धागे भिंतीवर फिरवत नर-मादी महिना-सव्वा महिन्यात एक पांढरी वाटी तयार करतात. चिनी लोक ती शिजवून पौष्टिक म्हणून खातात. एका किलोला शंभराच्या आसपास घरटी लागतात, यावरून भाव ओळखा.

पूर्वी ही घरटी नियासारख्या गुहांतून, उंच काठ्यांवर चढून, जीव धोक्यात घालून काढत. नंतर जावा बेटावर पाकोळ्या रिकाम्या घरांत शिरू लागल्या आणि माणसांनी त्यांच्यासाठी मुद्दाम घरे बांधली. मलेशियात १९९७-९८च्या मंदीत ओस पडलेल्या दुकानांच्या माड्या अशाच पाकोळ्यांना मिळाल्या.

माझ्या यजमानांचे घर तीन मजली, बिनखिडक्यांचे, वर एकच भोक. आत पाऊल टाकले तर डोळ्यांत बोट घातले तरी दिसू नये असा अंधार, घामाघूम करणारी दमट हवा आणि शिटेचा उग्र वास. हा वास मुद्दाम राखतात. नव्या घरात तर दुसरीकडून शीट आणून पसरतात, म्हणजे पाखराला घर वसते वाटते. जमिनीवर पाण्याची टाकी. छताला खरबरीत फळ्यांच्या रांगा, त्यांवर घरटी. पाकोळ्यांचे आवाज ध्वनिक्षेपकावर चालू असतात: भोकाजवळ बोलावण्याचे, आत वस्तीचे. ज्यांनी अजून जागा धरलेली नाही अशी तरुण पाखरे संध्याकाळी घिरट्या घालतात, आत डोकावतात. पटले तर राहतात. पिंजरा नाही, दाणा नाही, धरून आणणे नाही.

आणि पटले नाही तर? यजमान म्हणाले, “पहिली दोन वर्षे एकही घरटे नाही.” फळ्यांना ताज्या लाकडाचा वास होता, त्यात भोकात घुबड येऊन बसे. कर्जाचे हप्ते त्यांच्या पत्नीने मिरीच्या मळ्यावर फेडले. सांगताना त्या हसत होत्या, हे हसत नव्हते. शेजाऱ्याचे घर मात्र भरले होते. त्याने घाईने अंडी असलेली घरटीही खरवडली आणि पाखरे उठून गेली. माझे यजमान पिले उडून गेल्यावरच घरटे काढतात. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायातला घरट्याचा नियम मला तिथे आठवला.

आता आपल्याकडचे. भारतीय पाकोळी वेंगुर्ल्याजवळच्या समुद्रातील खडकांच्या गुहेत वीण करते. तिच्या घरट्यात पिसे मिसळलेली असतात, तरी चोरी होते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने त्याविरुद्ध काम केले आहे. या पक्ष्याला वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, म्हणजे आपल्या माणसाने घरटे विकायला नेले तर तो तुरुंगात जाईल. अंदमानात पक्षीशास्त्रज्ञ रवी शंकरन यांच्या प्रयत्नांतून १९९९पासून घरटी काढणाऱ्यांनाच गुहांचे राखणदार नेमले गेले. पण ते वनखात्याच्या बरोबरीने आणि अनेक वर्षांच्या अभ्यासावर उभे राहिलेले काम.

आपल्या पाड्यावर ती पाकोळी नाही, कायद्याची वाट नाही, आणि दोन वर्षे हप्ते भरायला मिरीचा मळाही नाही. खजिनदारसाहेबांना मी हे फोनवर सांगितले. थोडा वेळ ते गप्प राहिले. मग विचारले, “विहिरीच्या कठड्याचे काम अडले आहे ना, त्याला किती लागतील?” अंदाजपत्रक त्यांना पाठवले आहे.