नव्या घराची परसबाग : आराखडा मे महिन्याच्या बादलीवरून

घर बांधून झाले, वास्तुशांत झाली, पाहुणे परतले. आता घराभोवतीच्या मोकळ्या जागेकडे लक्ष जाते. पहिल्या पावसाबरोबर आपण रोपवाटिकेतून आंबा, चिकू, नारळ, गुलाब असे हाताला लागेल ते आणतो आणि जिथे जागा दिसेल तिथे लावून टाकतो. पुढच्या मे महिन्यात त्यातले निम्मे वाळलेले असते. म्हणून रोप आणण्याआधी कागद-पेन्सिल घ्या.

आपल्या जालना जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी 650 ते 700 मिलिमीटर पाऊस पडतो, पण तोही दरसाल भरवशाचा नाही. 2012 च्या दुष्काळात अंबड, बदनापूर, घनसावंगी भागांतल्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. पोटच्या पोरासारखी वाढवलेली झाडे लोकांना तोडून सरपणाला लावावी लागली. तेव्हा परसबागेचा पहिला प्रश्न असा, की मे महिन्यात तिला पाणी कोठून मिळेल?

हिशेब सोपा आहे. पाच माणसांच्या घरात अंघोळीचे व भांडी विसळण्याचे मिळून रोज सुमारे 100 लिटर पाणी मोरीतून वाहून जाते. भर उन्हाळ्यात भाजीच्या एक चौरस मीटर वाफ्याला रोज सहा ते आठ लिटर पाणी लागते. म्हणजे या सांडपाण्यावर फार तर बारा ते सोळा चौरस मीटर एवढाच वाफा जगेल, आणि झाडांना थेंबही उरणार नाही. यावरून धडा असा, की उन्हाळ्यात वाफे मोकळे ठेवावेत आणि पाणी झाडांना द्यावे. भाजीपाला पावसाळ्यात व हिवाळ्यातच घ्यावा.

छताचे पाणीही वाया घालवू नका. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. शासकीय योजनेतल्या 25 चौरस मीटरच्या घरकुलावरसुद्धा वर्षाला सोळा हजार लिटरांहून अधिक पाणी पडते. पन्हळ लावून ते टाकीत घ्या, उरलेले बोअरजवळच्या शोषखड्ड्यात जिरवा. त्या खड्ड्यात मोरीचे पाणी मात्र कदापि सोडू नका.

आता दिशा पाहा. विसाव्या मेच्या सुमारास आपल्याकडे भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, पण डिसेंबरात तो दक्षिणेला कलतो. तेव्हा दुपारची सावली झाडाच्या उंचीएवढी लांब उत्तरेकडे पडते. म्हणून मोठी झाडे उत्तरेला व पश्चिमेला लावा, वाफे दक्षिणेला व पूर्वेला ठेवा. पश्चिमेचा कडुनिंब संध्याकाळच्या उन्हापासून भिंत वाचवतो.

मात्र झाड भिंतीला चिकटून नको. आपली काळी जमीन पाण्याने फुगते व उन्हात भेगाळते. मोठ्या झाडाची मुळे पायाजवळची ओल शोषतात आणि भिंतीला तडे जातात. कडुनिंबासारखे झाड किमान वीस-पंचवीस फूट लांब असावे. पायालगत वाफाही करू नका. तिथे तीन फुटांची फरशी किंवा मुरमाची पट्टी बाहेरच्या बाजूला उतार देऊन करा.

मोरीच्या तोंडाशी खडी, वाळू व कोळसा भरलेला छोटा खड्डा करून पाणी त्यातून पुढे सोडा. त्या पाण्यावर केळीचे एक बेट व अळू चांगले पोसते. कपडे धुण्याच्या सोड्याचे पाणी वेगळे काढा, नाहीतर जमीन चोपण होते. कोथिंबीर, मुळा असे कच्चे खाण्याचे काही या पाण्यावर घेऊ नका.

घराला पुरतील एवढीच झाडे निवडा : एक शेवगा, एक कडीपत्ता, एक कागदी लिंबू, एक पेरू, कडेला सीताफळ. शेवग्याची फांदी ठिसूळ असते, म्हणून रोप तीन-चार फुटांचे झाले की शेंडा खुडा. झाड पसरेल, शेंगा हाताशी येतील.

आणि जालन्याच्या अंगणात एक मोसंबी हवीच. रंगपूर खुंटावर बांधलेले न्यूसेलरचे कलम घ्या. खड्डा तीन फूट लांब, रुंद व खोल काढा, पाण्याचा निचरा पाहा आणि डोळा भरलेली जागा जमिनीच्या वर ठेवा. खोडाला पाणी लागले की डिंक्या येतो. म्हणून खोडाभोवती मातीची भर घालून बाहेरून दुसरे आळे करा व पाणी त्यातच द्या. पावसाळ्यापूर्वी खोडाला बोर्डो मलम लावा : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. हे प्लास्टिकच्या भांड्यात कालवा, लोखंडाच्या नको.

पावसाळ्यात कुंपणावर दोडका, कारले व वाल चढवा, वाफ्यात भेंडी, गवार घ्या. दिवाळीनंतर मेथी, पालक, वांगी, टोमॅटो, लसूण लावा. मेथी-पालकाचे बी एकदम न टाकता दर पंधरा दिवसांनी थोडेथोडे टाका, म्हणजे रोजच्या कालवणाला ताजी भाजी मिळेल. फेब्रुवारीनंतर वाफ्यांत शेणखत मिसळा आणि पालापाचोळा, तुरीचे भूस, उसाचे पाचट सगळ्या आळ्यांत चार बोटे जाड पसरा. ओल टिकते आणि पाणी कमी लागते.

शेवटची गोष्ट, आराखडा घरच्या लक्ष्मीला विचारून करा. पाणी घालायला आणि भाजी खुडायला बहुधा तीच जाणार. चुलीपासून कडीपत्ता दहा पावलांवर असला तर तो रोज फोडणीत पडतो. पहिल्या वर्षी पाचच झाडे लावा. ती पुढचा मे पाहून तरली, की सहाव्याचा विचार करा.