गाडी खाली, टायर आतून गुळगुळीत

बीएमडब्ल्यूची १९८०च्या दशकातली ई-३०, म्हणजे तेव्हाची ३ सिरीज, आखूड स्प्रिंगांवर दोन इंच खाली बसवली की दिसते झकास. पण मागचे टायर आतल्या कडेला झिजू लागतात. बाहेरून नक्षी शाबूत, त्यामुळे वाकून पाहिल्याशिवाय कळतही नाही.

कारण मागच्या रचनेत आहे. चाक धरणारी आर्म तिरक्या अक्षाभोवती वरखाली होते. गाडी खाली आली की चाकाचा माथा आत झुकतो. हा निगेटिव्ह कॅम्बर. सोबत चाकाच्या तोंडाची दिशा, म्हणजे टो, तीही बदलते. शिव्या कॅम्बरला बसतात, पण टायर खरा खातो टो. चाक सरळ फिरण्याऐवजी सतत किंचित तिरके घासत जाते आणि झुकावामुळे भार आतल्या कडेवर असल्याने झीज तिथेच एकवटते.

त्यात ई-३०ला मागे हे कोन बदलायची सोय कारखान्यातून नव्हतीच. त्यासाठी एक्सेंट्रिक बुश वेगळे बसवावे लागतात. माझ्दाच्या पहिल्या एमएक्स-५ला मात्र कोन बदलायची सोय चारही चाकांना होती.

अलाइनमेंट स्प्रिंगा थोड्या बसल्यावरच करावी. आधी कॅम्बर, शेवटी टो. कॅम्बर हलवला की टो पुन्हा बिघडतो. झीज बेताची असेल तर टायर रिमवर उलटा चढवून आतली कड बाहेर आणता येते, मात्र आतली-बाहेरची बाजू ठरलेल्या टायरला ही युक्ती चालत नाही.