निजामाचा रुपया आणि ‘बेस्ट ऑफर’

परभणी निजामाच्या राज्यात होती, त्यामुळे हाली शिक्का, म्हणजे निजामाचं नाणं, आपल्याकडच्या जुन्या पेट्यांत आजही सापडतो. चारमिनारचा रुपया हातात आला की आधी मधली कमान बघा. तिथे मीम हे अक्षर असेल तर नाणं निजाम महबूब अली खानाचं, ऐन असेल तर निजाम उस्मान अलीचं. वजन साधारण 11.18 ग्रॅम, चांदी 81.8 टक्के, म्हणजे शुद्ध चांदी 9 ग्रॅमच्या थोडी वर.

आता विक्रीचं. ईबेवर ‘बेस्ट ऑफर’ची सोय आहे: विकणारा किंमत लावतो, घेणारा आपला आकडा कळवतो. विकणाऱ्याने तो घ्यावा, नाकारावा किंवा उलट आकडा सांगावा. अमुक रकमेखालची ऑफर आपोआप नाकारली जाईल, अशीही मर्यादा लावता येते. माझं मत विचाराल तर ती लावाच, आणि चांदीच्या त्या दिवसाच्या भावाच्या वरच ठेवा. नाहीतर हौशी मंडळी मोडीच्या भावात मागतात आणि उत्तरं देण्यातच दिवस जातो. घेणाऱ्यांनीही निम्म्याने सुरुवात करू नये. मोंढ्यात चालतं, इथे विकणारा सरळ ब्लॉक करतो. त्याच नाण्याचे आधी झालेले सौदे बघा, कडेची झीज बघा, मग आकडा टाका.

ईबेचं भारतातलं संकेतस्थळ 2018 मध्ये बंद झालं, त्यामुळे ईबेवरचे बरेच ग्राहक परदेशी. आणि 1972 च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनं नाणं खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. मीमवाला रुपया त्यातच येतो, कितीही चांगली ऑफर येवो.